थांबव भाऊ, गाव आलं

“ड्रायव्हर, इथे आदिवासी कुठे बघायला मिळतील?”

परतवाडा सोडून गाडी घाटाला लागली की मागच्या सीटवरून हा प्रश्न हटकून यायचा. विचारणारे काही वाईट लोक नसायचे. शिकले-सवरलेले, उन्हाच्या टोप्या घातलेले, ड्रायव्हरलाही ‘तुम्ही’ म्हणणारे. पण प्रश्न ऐकला की माझं डोकं सणकायचं. मी म्हणायचो, “साहेब, सकाळी हॉटेलात ज्यानं तुम्हाला पोहे वाढले तो कोरकू होता. दिसला नाही का?”  मग एखादी बाई हळूच म्हणायची, “नाही हो, म्हणजे खरे आदिवासी.”

आता बोला! खरे म्हणजे कसे? डोक्यात पिसं खोचून झाडावर बसलेले?

या अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला होता ‘निसर्गरम्य मेळघाट’. धुकं, धबधबे, कॉफीचे मळे, गाविलगडावरून दिसणारा सूर्यास्त, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार. ते सगळं तिथे आहे आणि फार सुंदर आहे, त्यात वादच नाही. पण उभा जन्म त्या घाटात गाडी चालवलेल्या माणसाकडे तुम्ही निसर्ग मागितला तर तो तुम्हाला माणसांचंच सांगत बसणार. त्यातून मी तापट. बायको म्हणते, तुमचं इंजिन चावी फिरवायच्या आधीच गरम असते. राग आला की माझं पुस्तकी मराठी मागे राहतं आणि मी वऱ्हाडीवर येतो. चालवून घ्या.

मी तायडे. परतवाड्याचा. वडील शाळेत शिपाई होते. पोरानं शिकून खुर्चीवर बसावं अशी त्यांची फार इच्छा. मी बसलो, पण स्टिअरिंगसमोर बसलो. सुरुवातीला माझी पाशिंजर जीप होती, परतवाड्याहून वर डोंगरातल्या ढाण्यांवर जाणारी. ढाणा म्हणजे कोरकूंची वस्ती. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मधून रुंद वाट, काडीचाही कचरा दिसणार नाही इतकी स्वच्छ सारवलेली. एसटी तिकडे फार थोड्या ठिकाणी जायची. बाकी सगळा भार आमच्या जीपांवर. बाजाराच्या दिवशी आत माणसं, मागे लोंबकळलेली माणसं, वर कॅरिअरवर तांदळाची पोती, टिनाचे पत्रे, बांधलेली बकरी आणि एखादा हौशी पोट्टा. एकदा तर अख्खी वरात नेली होती. नवरी पुढच्या सीटवर माझ्या शेजारी, आणि नवरदेव टपावर बकऱ्यांत.

या धंद्यात थांबे नसतात. पाटी नाही, शेड नाही, काही नाही. जंगलात सगळी वळणं सारखी, नव्या माणसाला कळणारही नाही कुठे गाव आहे. पण ज्याचं गाव असतं त्याला डोळे मिटूनही कळतं. तो आतून पत्र्यावर थाप मारतो आणि म्हणतो, “थांबव भाऊ, गाव आलं.” ही थाप आली की पाशिंजर जीपवाल्याचा पाय डोक्याला न विचारता ब्रेकवर जातो. इतकी वर्षं ऐकून ऐकून ती थाप त्या पायाचीच झालेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या वाटेवर एक गाव होतं. त्याला मोहाढाणा म्हणतो. खरं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या कोणीतरी ते रिसॉर्टला देऊन टाकेल. गावाच्या अलीकडे एक नाला, खडकाळ आणि तिरका. पावसाळा संपला तरी त्यात माझी जीप हमखास फसायची. मग पाशिंजर उतरायचे, ढकलायचे, दमायचे, आणि शेवटी गावातून बैलजोडी घेऊन सानू यायचा. सानू बेठेकर. उंच, बारीक, तोंडात कायम बिडी, घाई कशाची म्हणून नाही. जीपला दोर बांधता बांधता म्हणायचा, “गाडी तुही आहे भाऊ, पण नाला माहा आहे. त्याले इचारून येत जाय.” बदल्यात माझ्याकडून कधी एक बिडीसुद्धा घेतली नाही. त्याची बायको फुलकाय मात्र या उपकाराची वसुली करायची. बाजारातून परत येताना पुढची सीट तिची. मास्तर बसलेले असोत की पाटील, ती नुसती दार उघडून उभी राहायची. मी म्हणायचो, “उठा मास्तर, मालकीण आली.”

मग गाव उठलं.

म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. वाघांच्या जंगलात आत जी गावं होती, त्यांतली काही जंगलाबाहेर, खाली सपाटीवर नेऊन वसवली. मोहाढाणा गेला अकोटाकडे. मी वाघाच्या विरुद्ध नाही. वाघ जगला पाहिजे, आणि खरं सांगायचं तर पुढे वाघानंच माझं घर चालवलं. काही लोक राजीखुशीनं गेले, पोरांना शाळा-दवाखाना पाहिजे होता. काही जण नुसतेच बाकीच्यांच्या मागे गेले. घरं उतरवली तेव्हा लोकांनी दारांच्या चौकटी सोबत घेतल्या. सागवानी, वाडवडिलांच्या हातच्या. ट्रकात आधी म्हाताऱ्या बसल्या आणि मग चौकटी. सानूनं बैल खाली नेले, पण नाला मागेच राहिला.

पाशिंजरच नाही म्हटल्यावर माझी जीपही बसली. ती विकून मी सफारीची उघडी जिप्सी घेतली आणि जंगलाच्या गेटवर नाव लावलं. हा धंदा वेगळा. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, प्रत्येक गाडीत एक स्थानिक गाईड. मोठ्यानं बोलायचं नाही, आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे जंगलात कोणी गाडीतून खाली उतरायचं नाही. नियम चांगला आहे. मी तो पाळला, लोकांना पाळायला लावला. एका साहेबांची टोपी उडाली तर मी टोपी सोडून आलो, साहेबांना उतरू दिलं नाही.

गिऱ्हाइकं काय सांगू! होळीच्या दिवसांत कोरकू बायका रस्त्यात गाडी अडवतात, नाचतात, फगवा मागतात. पाच-दहा रुपये द्यायचे, हसायचं, पुढे जायचं. एका नवरा-बायकोनं आपल्या मोटारीच्या काचा वर केल्या आणि दरोडा पडला म्हणून पोलिसांना फोन लावला. दुसरे एक गृहस्थ, मोठे हुद्द्याचे, वाटेतल्या ढाण्यात थांबायचं म्हणाले. थांबलो तर हा बाप्पा सरळ एका घरात शिरला आणि चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून पाहू लागला, ‘हे लोक काय खातात’ म्हणून. घरातली बाई भिंतीला पाठ लावून उभी. मी आत गेलो, झाकण त्याच्या हातातून काढून पातेल्यावर ठेवलं आणि म्हटलं, “साहेब, तुमच्या फ्लॅटचा पत्ता द्या. मी पण येतो एक दिवस, तुमच्या मॅडमच्या कुकरची शिट्टी काढून पाह्यतो.” त्यांनी माझी तक्रार केली. करू द्या.

आणि ते रिसॉर्ट! घाट चढून वर गेलं की एक नवीन झालंय, बाहेर मोठी पाटी, आत ‘अस्सल कोरकू अनुभव’. भिंतींवर चित्रं काढलीत ती वारली! अहो, वारली कुठले, कोरकू कुठले, मधे अख्खा महाराष्ट्र आडवा पडलाय. मॅनेजरला सांगितलं तर म्हणतो, “काका, गेस्टला काय कळतं?” गेस्टला नाही कळत म्हणून काय झालं? ज्याच्या घराचं नाव लावलंय त्याला तर कळते ना!

पण या सगळ्यावर मी रागावलो आणि विसरलो. एक वाक्य मात्र गळ्यात अडकून बसलं.

गेटवर वनखात्याचे एक नवे साहेब आले होते. हुशार, तरुण, जंगलावर खरंच प्रेम असलेले. त्यांनी आम्हा ड्रायव्हर-गाईड लोकांना बसवून शिकवलं की पर्यटकांना काय सांगायचं. त्यातलं पहिलं वाक्य असं होतं: “हे जंगल शेकडो वर्षांपासून माणसाच्या स्पर्शापासून दूर आहे.” सगळ्या गाईडांकडून ते घोकून घेतलं. आता गंमत पाहा. सफारीत सगळ्यात जास्त जनावरं दिसायची ती मोहाढाण्याच्या मैदानात. माणसं गेली, घरं गेली, तिथे गवत माजलं, गवतावर हरणं आली, रानगवे आले. मैदानाच्या कडेला गावाची आंब्याची झाडं अजून ओळीनं उभी. मी हात वर केला. म्हटलं, “साहेब, ते आंबे सरळ लायनीत आहेत. थे काय वाघानं लावले?”

पोरं हसली. साहेब नाही हसले. म्हणाले, “तायडे, तुम्ही गाडी चालवा. बोलायला गाईड आहे.”

बरं. मी गाडी चालवत राहिलो.

मग एके दिवशी सकाळी दारात फुलकाय उभी. खूप म्हातारी झालेली, हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट, बाळासारखं धरलेलं. मी ओळखलं तोवर तीच आत येऊन बसली. सानू गेला होता. खाली सपाटीवर, उन्हाळ्यात. शेवटी शेवटी खाटेवर पडून विचारायचा म्हणे, नाल्याले पाणी आलं काय?

बायकोनं चहा ठेवला. फुलकायनं लुगडं सोडलं. आत मुंडा होता.

मुंडा म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाची कोरीव फळी, उभी रोवायची. कोरकूंमध्ये माणूस गेला की लगेच सुटत नाही. त्याची सिडोली करावी लागते. सगळं कूळ जमतं, ढोल वाजतात, जेवण होतं आणि त्याच्या नावाचा मुंडा कुळाच्या झाडाखाली, आधी गेलेल्यांच्या मुंड्यांशेजारी उभा करतात. तेव्हा तो आपल्या बापजाद्यांत जाऊन बसतो. तोपर्यंत तो घराच्या आसपास भटकत राहतो, ना इकडचा ना तिकडचा. बेठेकरांचे सगळे मुंडे मोहाढाण्याच्या मोहाच्या झाडाखाली. तिथे जायला आता बंदी.

“जेवण केलं, ढोल वाजवले, सगळं केलं खालीच,” ती म्हणाली. “पण उभा कुठं करू याले?”

साहेबाकडे जाऊन आली होती. साहेब तिच्याशी नीटच बोलले. म्हणाले, तुमच्या भावना समजतात मला, पण एकाला सोडलं की उद्या सगळे येतील. तिथे आता गाव नाही. तुमच्या नव्या गावात लावा ना मुंडा, वाटलं तर आम्ही सिमेंटचा छान ओटा बांधून देऊ.

“सिमेंटावर माहा बुढा एकलाच काय करन?” फुलकायनं मला विचारलं. “त्याचा बाप वरती, आजा वरती. याले एकट्याले बसवू मी? डांबरी रोडच्या बाजूले?”

 माझ्या आत नुसता जाळ झाला. पैसे भरून, टोपी घालून कोणीही उठतो आणि त्या मोहासमोर उभा राहून फोटो काढतो. चालते. ज्याचा बाप तिथे उभा आहे त्याला नाही चालत. हा कुठला न्याय, सांगा ना!

“भाऊ,” फुलकाय म्हणाली, “मले टुरिस्ट कर.”

“आँ?”

“टुरिस्टले जाऊ देते ना आत? मले टुरिस्ट कर. तुह्या गाडीत बसव.”

बायकोच्या हातातली कपबशी थांबली. मी म्हटलं, “माय, गाडीतून उतरता येत नाही. कोणालेच नाही.”

“मी कायले उतरन? दुरून दाखवीन त्याले. सांगीन, पाह्य, तुहा बाप तिथं आहे, आता तुह्या पायानं जाय. अन् फळी वापस आणीन.”

 मग तिनं मुंडा माझ्याकडे वळवला. वर सूर्य, चंद्र, जसे सगळ्या मुंड्यांवर असतात. खाली घोडेस्वार असतो, पण इथे घोडेस्वार नव्हता. एक बैलजोडी होती, तिच्यामागे दोर, आणि दोराला बांधलेला एक चौकोन, त्याला चाकं.

“हे तुही गाडी,” ती म्हणाली. “त्यानंच सांगतलं होतं काढाले.”

मला रडू आलं. लपवण्यासारखं काही नाही त्यात. फळीवर हात फिरवला तर लाकूड नवं नव्हतं, काळपट, जुनं, हातांनी गुळगुळीत झालेलं. जंगलातून आता नवीन लाकूड कोण देणार? त्यांनी घराच्या चौकटीचा एक खांब कापला होता. जी चौकट ट्रकात बसून खाली गेली, तिचाच.

पावसानंतर जंगल उघडलं त्या दिवसांत मी तिला नेलं. रीतसर तिकीट काढून, एका शब्दाची लबाडी न करता. गेटवर गार्डनं विचारलं, “मावशी, कुठून आलात?” तिनं गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “आणि पाहायला काय?” तिनं तेच नाव परत सांगितलं. गार्डनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. त्यानं बांबू वर केला.

गर्दी होती म्हणून आमच्या गाडीत एक जोडपंही बसवलं. सर आणि मॅडम. सरांच्या गळ्यात केवढा मोठा कॅमेरा, मॅडम शांत. पुढे माझ्या शेजारी गाईड दादू, पक्का कोरकू, मोहाढाण्याशेजारच्याच ढाण्यातला, चाळिशीचा, बायकापोरांचा माणूस. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, त्याच्या पोटावर पाय नको म्हणून. फुलकाय मागे, मांडीवर लुगड्यातली फळी. सरांना वाटलं छत्री असेल.

गाडी आत शिरली आणि दादूनं सवयीनं सुरू केलं, “सर, हे जंगल शेकडो वर्षांपासून माणसाच्या स्पर्शापासून दूर आहे...”

“दादू,” मागून आवाज आला. “मंग माहं लगन कुठं झालं रे?”

दादूनं वळून पाहिलं. तिला ओळखायला त्याला एक क्षण लागला. मग त्याचं तोंड उतरलं ते उतरलंच. सर म्हणाले, “काय म्हणतायत आजी?”  पुढे सगळा रस्ता दादू एक अक्षर बोलला नाही. सरांना वाटलं, वाघाची चाहूल घेतोय.

नाला आला. आता तिथे सिमेंटचा रपटा, म्हणजे बुटका पूल, आहे, गाडी फसत नाही. तरी मी पहिल्या गिअरवर आलो. मागे फुलकाय लुगड्यातल्या फळीशी काहीतरी बोलत होती. मग मैदान. मधोमध रानगव्यांचा कळप चरत होता. पलीकडे आंबे, आणि टोकाला मोह, त्याच्याखाली काळे पडलेले मुंडे, काही उभे, काही कललेले. ठरल्याप्रमाणे मी गाडी हळू केली. थांबवणार नव्हतो. हळूच पुढे काढणार होतो, तिला पाहता येईल इतकीच हळू.

तेवढ्यात पत्र्यावर थाप पडली.

“थांबव भाऊ, गाव आलं.”

माझा पाय ब्रेकवर होता. मी नव्हता ठेवला, गेला तो. गाडी थांबली, इंजिन बंद झालं आणि मी खाली उतरून मागचं फळकं उघडलंही होतं. मग मला कळलं मी काय करून राह्यलो ते. फुलकाय बाजारातून आल्यासारखी उतरली, लुगडं सावरलं, फळी कवेत घेतली आणि चालायला लागली.

“अहो, उतरायचं नाही ना?” सर म्हणाले.

आता मी जे पाहिलं ते सांगतो. समोर मोकळं मैदान, कंबरभर गवत. मोहाकडे जायचं तर सरळ आडवं जावं, कोणीही जाईल. ती तशी गेली नाही. आधी डावीकडे वळली, मग नाकासमोर चालत राहिली, गावाच्या मधल्या वाटेनं. वाट कुठे होती? गवत होतं सगळं. पण ती वाटेनंच चालली. एका जागी थांबून पदर डोक्यावर घेतला, तिथे तिच्या जेठाचं, थोरल्या दिराचं, घर होतं. पुढे एका कोपऱ्याला वळसा घातला, कारण तिथून सरळ गेलं तर कोणाच्या तरी अंगणातून जावं लागलं असतं. जी घरं नाहीत त्यांच्या दारावरून ती अदबीनं चालत गेली. एकही अंगण तुडवलं नाही. रानगव्यांनी माना वर केल्या, पाहिलं, आणि जरा बाजूला सरकले. पातेल्याचं झाकण उचलणारे ते साहेब मला तेव्हा आठवले.

मोहाखाली पोचून ती हातानंच माती उकरायला लागली. तेव्हा दादू हलला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “टामी दे.” टामी म्हणजे चाक खोलायची आमची लोखंडी पहार. मी म्हटलं, “दादू, तुही नोकरी आहे बाप्पा.” तो म्हणाला, “दे ना बे.” मी दिली.

दोघांनी मिळून सानूला उभं केलं, त्याच्या बापाच्या शेजारी. फुलकायनं कनवटीची पुडी सोडून तांदूळ वाहिले, छोट्या शिशीतली मोहाची दारू मातीवर शिंपडली. मग मुंड्यांच्या ओळीकडे पाहून कोरकूत बोलली. इतक्या वर्षांत मला कोरकू कळते. ती म्हणाली, “तुमचा पोरगा आणला. उशीर झाला, रागावू नका. रस्ता बंद होता.”

परत आली तीही त्याच वळणा-वळणानं. गाडीत चढताना मॅडमनी हात देऊन तिला वर ओढून घेतलं आणि तो हात सोडलाच नाही, गेटपर्यंत. एक शब्द विचारला नाही. सरांनी मात्र सगळं मोबाईलवर टिपलं होतं. डोळे भरून आले होते त्यांचेही, खोटं कशाला बोलू. गेटवर माझा हात हातात घेऊन म्हणाले, “तायडे, वाघ नाही दिसला तरी चालेल. काय ऑथेंटिक अनुभव दिलात!”

त्याच दिवशी त्यांनी ते मोबाईलवरून जगाला दाखवलं. लोकांनी बदाम पाठवले, नमस्कार पाठवले, कोणी लिहिलं, अशी सफारी कुठे बुक करायची? दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या टेबलावर. वाईट चिंतणाऱ्या कोणी आमचं नुकसान केलं नाही हो. कौतुकानं केलं. कौतुक करणाऱ्या माणसाला इतकं तरी कळावं की आपण कोणाच्या तरी मयताचं शूटिंग करतोय!

साहेबांनी दादूला घरी बसवलं, आणि माणसं पाठवली तो नवा मुंडा उपटून आणायला. माणसं इथलीच. मोहाखाली जाऊन आली आणि म्हणाली, साहेब, नवा कोणता ते कळत नाही, सगळे सारखेच जुने दिसतात. साहेब स्वतः गेले, फोटो हातात घेऊन. पण चौकटीचं लाकूड ते. किती पिढ्यांचे हात, धूर, पाऊस खाल्लेलं. आणि बैलजोडी कोरलेल्या बाजूला कोणीतरी ओली माती फासून ठेवली होती. कोणी, ते मला माहीत नाही. साहेब तसेच परत आले. सानू तिथेच आहे.

मग माझी पाळी. मला बोलावलं, समोर उभं केलं. साहेब ओरडले नाहीत, तीच तर त्यांची पद्धत. म्हणाले, “तायडे, इतकी वर्षं तुमच्याविरुद्ध नियम मोडल्याची एक तक्रार नाही. सगळ्यात जुने ड्रायव्हर तुम्ही. आणि तुम्ही पर्यटकाला कोअर जंगलात खाली उतरवलंत? का?”

माझी गाडी आता परतवाड्यात घरासमोर उभी आहे. गेटवरून माझं नाव कायमचं गेलं. दादूला काही महिन्यांनी परत घेतलं. तो आता पर्यटकांना ते पहिलं वाक्य सांगत नाही, मैदान आलं की गप्प बसतो. फुलकाय खाली सपाटीवर आहे, आणि झोप चांगली लागते म्हणते. मला गाडीची आठवण येते, घाटाची येते, सकाळच्या धुक्याची येते. संपादकांना तेच पाहिजे होतं, तर तेही सांगून टाकलं.

पण त्या दिवशी साहेबांना मी जे उत्तर दिलं त्याचा मला अजून पस्तावा नाही. म्हटलं, “साहेब, पर्यटक नव्हता उतरवला. पाशिंजर होती. तिचं गाव आलं, मी गाडी थांबवली.”